गोड बातमी नाही, पण...
वय ३१, एचबीए१सी ७.४. साडेसहाच्या पुढे म्हणजे डायबेटिस. रात्रभर डोळे, किडनी असलं काय काय मनात येऊन गेलं. सकाळी मात्र थेट डब्याकडे वळले.

आता आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. या क्रमाने जेवलं की शुगर कमी चढते. भाकरी एकच, भात अर्धी वाटी. गूळही साखरच, बरं का! मशीनचा गोड चहा बंद. जेवल्यावर दहा मिनिटं पॅसेजमध्ये चकरा. गोळी डॉक्टर सांगतील तशी.

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. म्हणजे माझी परीक्षा तीन महिन्यांनी. तोवर मैत्रिणींनो, बर्थडेला ‘एक घास चालतो गं’ म्हणू नका. ऑफिसात बर्थडे दर आठवड्याला असतो!