आठवीनंतरच्या फीचं काय?

शिक्षणहक्क कायद्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत मिळतात, पण आठवीपर्यंतच. नववीला मुलुंड-बोरिवलीतल्या पालकाच्या हाती पूर्ण फीचं चलन पडतं; दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची की कर्ज काढायचं? शाळांनी स्वतःची शिष्यवृत्ती ठेवावी ती इथे, आणि उत्पन्नाची अटही डोळे उघडे ठेवून लावावी. या मोफत जागांसाठी आर्थिक दुर्बलांची सरकारी मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिना जेमतेम ८,३३३ रुपये. घाटकोपरला खोलीभाडं भरणारा रिक्षावाला तहसीलदाराच्या दाखल्यावर या आकड्यात बसणार कसा?

शाळा म्हणतात, सरकार या जागांच्या फीची प्रतिपूर्ती थकवतं, बोजा इतर पालकांवर पडतो. थकबाकीची तक्रार रास्तच. पण शिक्षक आणि बाक आधीच असलेल्या वर्गात एका मुलाचा वाढीव खर्च पूर्ण फीइतका नसतो. राज्य सरकारच्या फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट दिली होती. अंधेरीसारख्या दाट वस्तीत मग उरलं काय असतं? मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली. प्रवेश वाचला. आता पालकांनी प्रवेश घेतानाच शाळेला लेखी विचारावं: नववीत फीसवलत कोणाला, किती, आणि ठरवतं कोण?