बळाचे मोजमाप

हिंदी माणूस देहाने दुबळा आहे, हे पारतंत्र्याच्या काळात राज्यकर्त्यांनी इतक्या वेळा ऐकवले की आपल्यातील सुशिक्षितांनाही ते खरे वाटू लागले होते. या अपसमजाला छातीवर हत्ती पेलून उत्तर देणारा पुरुष आंध्रात निपजला. श्रीकाकुलमजवळील वीरघट्टमचे कोडी राममूर्ती नायडू (१८८२-१९४२) पूर्ण शाकाहारी होते. प्राणायाम हा त्यांच्या साधनेचा पाया होता. छातीभोवतीची लोखंडी साखळी श्वास भरून तोडणे, सुरू झालेली मोटार रोखून धरणे, हे त्यांचे प्रयोग पाहून गावोगावीचे तरुण आखाड्याकडे वळले. हे ऋण फार मोठे आहे.

परंतु हत्तीचे वजन किती होते, तो किती वेळ पेलला, या प्रश्नांची उत्तरे सांगणाऱ्यागणिक बदलतात. पराक्रम खरा, पण नोंद नाही, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे उद्याचा चिकित्सक खऱ्यालाही दंतकथा ठरवून मोकळा होतो.

युरोपातही आरंभी असाच गोंधळ होता. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कचा व्हिगो येन्सेन आणि मुंबई इलाख्यातील कलादगी येथे जन्मलेला ब्रिटिश लॉन्सेस्टन इलियट या दोघांनीही दोन्ही हातांनी १११.५ किलो उचलले. अखेर ‘शैली अधिक चांगली’ म्हणून येन्सेनला विजयी ठरवण्यात आले आणि त्यावरून वाद झाला. पुढे मात्र तराजू व नियम यांचे राज्य आले. जर्मनीच्या आर्थर सॅक्सनने १९०५ साली अंग झुकवून एका हाताने १६८ किलो डोक्यावर नेले. त्याचे स्वतःचे वजन शंभर किलोहूनही कमी होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांचे पाच वजनगट ठरले. १९२४ चा सुवर्णविजेता, फ्रान्सचा शार्ल रिगूलो याने १९३० साली अपोलॉन या जुन्या बलवंताची १६६ किलोची आगगाडीची चाके जाड आसासह उचलली. हे आकडे आजही तपासता येतात, म्हणूनच ते पराक्रम आजही जिवंत आहेत.

आपल्याकडे देवळापुढचे दगडी गोटे होते, मुद्गल होते, उचलणारे बाहूही होते. नव्हती ती फक्त वही. ही उणीव दूर झाली तेव्हा काय घडले, हे राममूर्तींच्याच श्रीकाकुलमच्या कन्येने दाखवून दिले. २००० साली सिडनी येथे कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या आकड्यापुढे कोणी शंका घेऊ शकत नाही.

मात्र मोजलेला आकडाही प्रामाणिक असावा लागतो. उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्यांत भारतीय भारोत्तोलक वारंवार दोषी ठरले, ही लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे. कथेत फुगवलेला हत्ती आणि औषधाने फुगवलेला स्नायू, दोन्ही असत्याचीच रूपे होत. ज्यांनी केवळ श्वास आणि साधना यांवर बळ उभे केले, त्यांच्या वारसांना हे शोभणारे नाही.

बलोपासनेचा अभिमान अवश्य बाळगावा. पण प्रत्येक व्यायामशाळेने तरुणाच्या हाती मुद्गलाबरोबर नोंदवहीही द्यावी आणि तिच्यात खरे तेवढेच लिहायला शिकवावे. बळाला सत्याचे अधिष्ठान असेल, तरच ते राष्ट्राच्या उपयोगी पडते.