तयार सूत्र की कोरा तक्ता?

अंतर ओळखणारा अवरक्त संवेदक आणि त्याचे वाचन करणारा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, ही जोडी आता शाळकरी विद्यार्थ्यांच्या हाती आली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून देशभर हजारो शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. अडथळा पाहून थांबणारी गाडी, अंध व्यक्तीस सूचना देणारी काठी, अशी उपकरणे विज्ञान-प्रदर्शनांत दिसू लागली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु अशा उपकरणांचे पाठ मराठीत आणताना एक उणीव वारंवार जाणवते. बहुतेक पाठ विद्युद्दाबावरून अंतर काढण्याचे तयार सूत्र विद्यार्थ्याच्या हाती देतात. माझ्या मते ते सूत्र गाळावे आणि त्याच्या जागी एक कोरा तक्ता छापावा.

असे का म्हणावे, हे समजण्यासाठी संवेदकाचे कार्य पाहिले पाहिजे. तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने दाखविले. त्यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो. शार्प कंपनीच्या जीपी२वाय०ए२१ या सुपरिचित संवेदकात एक दिवा असे किरण पुढे सोडतो. वस्तूवरून परतलेले किरण शेजारच्या भिंगातून एका प्रकाशग्राही पट्टीवर पडतात. वस्तू जवळ वा दूर जाईल तसा किरणांच्या परतण्याचा कोन बदलतो आणि पट्टीवरील ठिपका सरकतो. त्या ठिपक्याच्या स्थानावरून संवेदक विद्युद्दाब ठरवितो. म्हणजे भूमापनात वापरले जाणारे त्रिकोणाचे तत्त्वच येथे इवल्याशा डबीत बसविलेले आहे.

जोडणी सोपी आहे. बहुधा तांबडी तार ५ व्होल्टला, काळी भूजोडणीला आणि पिवळी सूक्ष्मनियंत्रकाच्या अनुरूप प्रवेशाला जोडतात. तरी रंगांवर विसंबण्यापूर्वी माहितीपत्रक पाहावे. दिवा थांबून थांबून प्रज्वलित होत असल्याने वीजपुरवठ्यात हिसके बसतात. म्हणून तांबड्या व काळ्या तारेमध्ये, संवेदकाच्या अगदी जवळ, १० मायक्रोफॅरडचे धारित्र बसवावे. आर्डुइनो ऊनो या फलकावर ० ते ५ व्होल्टचा पल्ला १०२४ पायऱ्यांत विभागला जातो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. तारा जोडताच पडद्यावर आकडे उमटू लागतात. मात्र ते आकडे अद्याप अंतर सांगत नाहीत.

येथेच तयार सूत्राचा मोह होतो. परंतु उत्पादकाचे माहितीपत्रकच काय म्हणते, ते पाहावे. वस्तू ८० सेंटिमीटरवर असता या संवेदकाचा विद्युद्दाब सामान्यतः ०.४ व्होल्ट असतो. पण एकाच जातीच्या निरनिराळ्या नगांत तो ०.२५ ते ०.५५ व्होल्ट यांमध्ये कोठेही असू शकतो. सामान्य नगासाठी बनविलेले सूत्र ०.५५ व्होल्टला सुमारे ५५ सेंटिमीटर म्हणेल, आणि ०.२५ व्होल्टला एक मीटरच्याही पलीकडचे अंतर सांगेल. गाडी खेळण्यातली असेल तर ती भिंतीला धडकेल, इतकेच. काठी एखाद्या अंध माणसाच्या हाती असेल तर काय होईल, याचा विचार पाठ लिहिणाऱ्याने करावयास हवा.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. या संवेदकाचा विश्वसनीय पल्ला १० ते ८० सेंटिमीटर आहे. वस्तू त्याहून बरीच जवळ आली की विद्युद्दाब वाढण्याऐवजी उतरू लागतो, आणि नाकासमोरची वस्तू दूर असल्याचा भास होतो. सूत्राला हे कळत नाही. मोजपट्टी घेऊन बसलेल्या मुलाला मात्र ते पाच मिनिटांत कळते.

म्हणून कोरा तक्ता. टेबलावर मोजपट्टी चिकटवावी, पांढरा पुठ्ठा उभा धरावा आणि १०, १५, २०, ३०, ४०, ५०, ६० व ८० सेंटिमीटरवर वाचने घ्यावीत. संवेदकाला नवे माप देण्यास सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. तेव्हा दोन वाचनांत तेवढा अवकाश ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणच्या दहा-वीस वाचनांतील मधली किंमत नोंदवावी. विद्युद्दाब आणि अंतराचा व्यस्तांक यांचा आलेख काढल्यास बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. ती रेषा हेच त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे सूत्र होय. शेवटी तक्त्यात न घेतलेल्या २५ व ४५ सेंटिमीटरवर ते पडताळून पाहावे. या साऱ्या क्रियेला मापांकन म्हणतात.

यावर शिक्षक म्हणतील, की तासिका लहान आणि अभ्यासक्रम मोठा. ही तक्रार खोटी नाही. परंतु आठ वाचनांना एक तासिका पुरते, आणि आलेखाची सरळ रेषा, व्यस्तांक, मध्यक हे विषय गणितात शिकवावे लागतातच. शिवाय दुकानदाराच्या तराजूवर पडताळणीचा शिक्का नसेल तर कायदा तो तराजू मान्य करीत नाही, आणि ती पडताळणीही ठराविक मुदतीने पुन्हा करावी लागते. कांद्याबटाट्यांसाठी समाज जी दक्षता घेतो, ती मुलांच्या प्रयोगाला का नसावी?

तेव्हा पाठ तयार करणाऱ्यांनी सूत्राच्या जागी आठ ओळींचा रिकामा तक्ता द्यावा आणि त्यावर संवेदकाचा क्रमांक, वीजपुरवठ्याचा दाब व दिनांक यांसाठी जागा ठेवावी. पुरवठा बदलला तर पायऱ्यांचे मोलही बदलते, म्हणून ही नोंद अगत्याची आहे. प्रदर्शनातील परीक्षकांनीही उपकरण चालते की नाही एवढेच न पाहता तो भरलेला तक्ता प्रथम मागावा.