प्रबोधनाचे माप कोणते?

आर्थिक वर्ष संपले की स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल देणगीदारांकडे रवाना होऊ लागतात. त्यांतील जनजागृतीचे प्रकरण बहुधा सर्वत्र सारखेच असते. इतक्या गावांत पथनाट्ये झाली, इतक्या शाळांतून शपथा देण्यात आल्या, इतकी पत्रके वाटली आणि इतक्या लाख लोकांपर्यंत संदेश पोहोचला. मोहीम व्यसनमुक्तीची असो, बालविवाहाविरुद्धची असो वा हात धुण्याची, आकड्यांचा साचा बदलत नाही. हे आकडे खोटे असतात असे नव्हे. मात्र संदेश ऐकलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या वागणुकीत काय बदल केला, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. कारण मोहीम आखताना तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

उद्दिष्ट ठरविणे म्हणजे अर्जातील एक रकाना भरणे, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय तोच होय. ज्याची मोजदाद होते त्याकडे कार्यकर्त्यांचे श्रम आपोआप वळतात. डोकी मोजावयाची असे ठरले की डोकी जमविली जातात, आणि ती जमविण्यास शाळेच्या पटांगणासारखी स्वस्त जागा दुसरी नाही.

या बाबतीत शेजारच्या बांगलादेशातील एका संस्थेचा अनुभव मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. 1971 च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले; सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. उपाय सिद्ध झाला होता. तो खेड्यातील आईच्या हाती कसा द्यावयाचा, एवढेच उरले होते. फझले हसन आबेद यांनी 1972 साली स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेने 1980 मध्ये ते काम देशव्यापी स्वरूपात अंगावर घेतले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे प्रमाण शिकवीत स्त्री-कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली.

परंतु घरांची संख्या हे या मोहिमेचे माप नव्हते. कार्यकर्ती येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी दुसराच माणूस निवडक घरांत जाई, आईला काय आठवते ते विचारी आणि तिच्याकडून मिश्रण करवून घेई. मीठ अधिक पडले तर बालकास अपाय होतो, म्हणून मिश्रणाचे नमुने तपासले जात. कार्यकर्तीचे वेतन या परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे. आपल्याकडील कोणत्याही मोहिमेपुढे हे उद्दिष्ट कितीतरी कसोशीचे म्हणावे लागेल.

आणि तरीही ते अपुरे ठरले. आयांना कृती पाठ होती, मिश्रणही बिनचूक होत होते. पण पोटी जुलाब लागलेले मूल आले असता प्रत्यक्ष ते पाणी पाजण्याचे प्रमाण आरंभी दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. ज्ञानाचे मोल दिले, ज्ञान मिळाले. आचरण मात्र मागे राहिले. संस्थेची थोरवी अशी की तिने हा आकडा झाकून ठेवला नाही. शोध घेता आढळले की शिकविणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण नव्याने झाले, बाजार व मशिदींतून पुरुषांशी बोलणे सुरू झाले आणि वापर वाढू लागला. आज बांगलादेशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना क्षारसंजीवनी मिळते. त्याचे सारे श्रेय एका संस्थेला देता येणार नाही; तयार पुड्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण आरंभी घरे मोजून समाधान मानले असते, तर दहा टक्क्यांचा तो अप्रिय आकडा उजेडात आलाच नसता.

मग वेतन थेट वापरावरच का बांधू नये, असे कोणी विचारील. त्यात एक मेख आहे. मिश्रण समोर करवून घेता येते. गेल्या महिन्यात मुलाला काय पाजले, हे मात्र आईच्या सांगण्यावरच मानावे लागते. जेथे माप केवळ सांगण्यावर विसंबून असते आणि त्यावर कोणाची भाकरी अवलंबून असते, तेथे उत्तरे लवकरच सोयीची येऊ लागतात. म्हणून मोबदल्याचे माप निराळे आणि शिकण्याचे माप निराळे ठेवणेच इष्ट.

कधी एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात, तोही विचार आधीच व्हावयास हवा. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याखालील गुन्ह्यांची नोंद एखाद्या जिल्ह्यात वाढली, तर तेथे भोंदूगिरी वाढली म्हणावयाचे की लोक तक्रारीस धजावू लागले म्हणावयाचे? मोहिमेपूर्वीची स्थिती नोंदविलेली नसेल आणि कोणता बदल अपेक्षित आहे हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर आकडा कोणत्याही बाजूला वळविता येतो.

संस्थांनाच दोष देऊन भागणार नाही. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चणे भाग पडते. 2021 च्या नियमांनी परिणामांची तपासणी सक्तीची केली. परंतु ती सरासरी दहा कोटी वा अधिक रकमेचे दायित्व असलेल्या कंपन्यांना आणि एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतीच. जिल्ह्यातील लहान संस्थेची चार-पाच लाखांची मोहीम तिच्या कक्षेत येत नाही. तिला पैसा बहुधा एका वर्षापुरता मिळतो, तोही उशिरा. आणि अंदाजपत्रकाला कात्री लावावयाची वेळ आली की ‘सहा महिन्यांनी पुन्हा घरभेटी’ हीच ओळ सर्वांत आधी खोडली जाते.