मुलाखतीची तालीम घरच्या ओसरीवर

एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. मुलीने दुग्धशास्त्राची पदविका घेतली. दूध संकलन केंद्रावर पर्यवेक्षकाच्या जागेसाठी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, दोन्ही वेळा काम झाले नाही. त्या लिहितात, "घरी पोपटासारखी बोलते, साहेबांपुढे बसली की तोंडातून शब्द फुटत नाही. आता तिसरे बोलावणे आले आहे. हेही गेले तर यंदा लग्न उरकून टाकू, असे घरातले म्हणतात."

ताई, मुलीला ज्ञान कमी नाही, सवय कमी आहे. ती घरीच लावता येते. रात्री जेवणे उरकली की अर्धा तास काढा. वडिलांनी किंवा काकांनी खुर्चीवर बसावे, मुलीने परवानगी विचारून आत यावे. चुकली तरी कोणी हसायचे नाही, हा पहिला नियम.

पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "तुमच्याविषयी सांगा." नाव, गाव, शिक्षण आणि घरच्या कामाचा अनुभव, एवढे चार-पाच वाक्यांत बसवावे. गोठ्यातली धार ती काढत असेल, तर ते ताठ मानेने सांगावे. या जागेसाठी ती जमेची बाजू आहे. "वडील नुसती शेती करतात" असे पुष्कळ मुले म्हणतात. त्यातला "नुसती" तेवढा गाळावा.

मग कामाचे प्रश्न येतात. "लॅक्टोमीटरचा आकडा बरोबर आला म्हणजे दूध चांगले का?" इथे नुसते "नाही" पुरत नाही, कारण सांगावे लागते. दुधात पाणी घातले की आकडा उतरतो, साय काढली की चढतो. दोन्ही केले तर आकडा जागच्या जागी दिसू शकतो, म्हणून फॅटही तपासावी लागते. असे कारणासह उत्तर दिले की पाठांतर कोणते आणि समज कोणती, हे विचारणाऱ्याला कळते.

"शेतकरी म्हणतो फॅट कमी लागली, यंत्र खोटे आहे. काय कराल?" भांडण करीन किंवा वरच्या साहेबांना सांगीन, ही दोन्ही उत्तरे कच्ची. साय वर तरंगते, म्हणून दूध नीट ढवळून त्याच्यादेखत दुसरा नमुना घेईन, यंत्र स्वच्छ करून पुन्हा लावीन आणि आकडा त्यालाच वाचायला सांगेन, असे सांगावे.

जे येत नाही ते "मला माहीत नाही, शिकून घेईन" असे सरळ म्हणावे. थापा लगेच उघड्या पडतात. पगाराचे विचारतील, तर खोलीभाडे, खानावळ आणि एसटीचा खर्च आधी वहीत मांडून ठेवावा.

मुलींना आणखी एक विचारतात : "पहाटे केंद्रावर याल का? लग्न झाल्यावर नोकरी सोडाल का?" याचे उत्तर मुलीने आणि घराने आधीच बसून ठरवावे. घराचा पाठिंबा नसेल तर तिचा आवाज तिथेच कापतो. म्हणून ताई, "ही शेवटची संधी" हे ओझे तिच्या डोक्यावर देऊन तिला पाठवू नका. लग्नाचा विषय या मुलाखतीला बांधू नका. दोन मुलाखतींत तिला कोणते प्रश्न विचारले, ते आजच तिच्याकडून लिहून घ्या. तिसऱ्या वेळी त्यांतले निम्मे तरी पुन्हा येतील.

सर्वांसाठी एक इशारा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली आहे. अशा जागेसाठी "मुलाखतीत पास करून देतो" म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर तो फसवतो आहे. त्याच्यासाठी बैल विकू नका, दागिना मोडू नका.

मूळ प्रमाणपत्रे आणि झेरॉक्सचे दोन संच आदल्या दिवशीच पिशवीत ठेवा. त्या रात्री मात्र तालीम नको. लवकर निजू द्या आणि सकाळी पहिल्या एसटीने पाठवा.