फेस आला की गॅस बंद

राइस प्लेटमध्ये सांबाराशेजारी रसमाची एक लहान वाटी असते. आपली माणसं ती जेवण झाल्यावर ताकासारखी पिऊन टाकतात, आणि एरवी सर्दी झाली की तिची आठवण काढतात. तमिळ घरात रसमाची जागा ठरलेली आहे: आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दहीभात. मधला भात मऊ, कुस्करलेला, आणि रसम इतकं पातळ की केळीच्या पानावर ते आवरायला कसब लागतं.

करायला अवघड काही नाही. चौघांसाठी लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. दोन मोठे चमचे तूरडाळ मऊ शिजवून, भरपूर पाणी घालून घोटा. चमचाभर मिरे, चमचाभर जिरे आणि चार लसूणपाकळ्या खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरच वापरायचा तर एकदा फिरवून थांबा. मसाल्याचं पीठ झालं की रसम गढूळ होतं. कोळात दोन-अडीच वाट्या पाणी, कुस्करलेला टोमॅटो, हळद, हिंग, मीठ, कढीपत्ता घालून चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळू द्या. इथे घाई नको. मग कुटलेला मसाला आणि डाळीचं पाणी.

डाळीचं पाणी पडलं की आच मंद करा आणि शेगडीपासून हलू नका. फेस आधी कडेनं धरतो, मग मध्यापर्यंत येतो. तो वर चढला की गॅस बंद. आमटी रटरटवायची सवय असलेला आपला हात इथे हमखास चुकतो. उकळी फुटली की मिऱ्या-जिऱ्याचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि हाती आंबट, पातळ आमटी उरते. नारळाच्या दुधातलं कोकमाचं सार करणाऱ्यांना ही शिस्त शिकवावी लागत नाही. उकळलं की ते फुटतं, हे त्यांना ठाऊक असतं. शेवटी तुपात मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी, वर कोथिंबीर, आणि लगेच झाकण.

टोमॅटो आणि लाल मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतरच्या. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचाच होता, म्हणून मिऱ्यांचं ‘मिळगु रसम’ टोमॅटोशिवायही उणं वाटत नाही. मद्रासेतल्या इंग्रजांनी याच मिऱ्याच्या पाण्यात मांस घालून मुलिगाटॉनी सूप केलं. ते असो.

जुन्या तमिळ घरांत रसमासाठी ‘ईय चोंबु’ असतो, म्हणजे कथलाचं भांडं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत रसम असेतो भांडं फारसं शंभराच्या वर जात नाही; रिकामं विस्तवावर राहिलं तर मात्र त्याचा गोळा होतो. म्हणून आधी कोळ ओतायचा, मगच गॅस पेटवायचा. असं भांडं घ्यायचंच तर त्यात शिशाची भेसळ नाही ना, याची खात्री करून घ्या. स्टीलच्या पातेल्यातही रसम उत्तम होतं.

रसमाची तयार पावडर दुकानात मिळते, तीही वाईट नसते. पण पुडा फोडून महिना झाला की तिच्यातले मिरे नुसते तिखट उरतात, वास जातो. ताजे मिरे कुटायला दोन मिनिटं लागतात. तेवढी काढा.