भिंतीपलीकडची रेंज आणि भिंतीतली तार

केंद्रीय दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि ‘आता घरोघरी वेगाचा पूर’ अशा थाटाच्या बातम्यांना ऊत आला. पाऊल योग्यच आहे, आणि उशिराही आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच ५९२५ ते ७१२५ असा तब्बल १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला होता. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यातील ४८० मेगाहर्ट्झ दिले. भारताच्या वाट्याला ५०० आले, हेही स्वागतार्ह. परंतु या बातम्यांनी वाचकांना अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी गोष्ट वेगाची नसून भिंतीची आहे, आणि ती न सांगण्याचा भुर्दंड सामान्य घरांना भरावा लागणार आहे.

देशातील बहुतेक शहरी घरांतील दृश्य सारखेच असते. फायबरची तार मुख्य दारापाशी किंवा दिवाणखान्याच्या खिडकीच्या जाळीतून आत येते. तंत्रज्ञाला पुढच्या घरी जाण्याची घाई असते. म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे विराजमान होतो. घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी मात्र ऑनलाइन तासाला दर पाच मिनिटांनी अडखळते. मग घरातील कर्ता माणूस बाजारात जातो आणि अधिक अँटेनांचा, ‘भिंती भेदणारा’ राउटर घेऊन येतो. अडखळणे थांबत नाही. पुढच्या वर्षी रेंज एक्स्टेंडर येतो. त्याच्या पुढच्या वर्षी सहा गिगाहर्ट्झचा राउटर येईल, आणि त्या खोलीची स्थिती बहुधा आणखी वाईट होईल. याचे कारण कंपनी वाईट आहे हे नसून भौतिकशास्त्राला जाहिरात वाचता येत नाही, हे आहे.

आधी मोकळ्या जागेचा विचार करावा. तेवढ्याच शक्तीने पाठविलेली लहर नेहमीच्या साध्या अँटेनांच्या जोडीत २.४ गिगाहर्ट्झऐवजी ६ गिगाहर्ट्झवर नेली, तर पोचणारी शक्ती सहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. जास्त वारंवारतेची लहर हवेत ‘दमते’ असा सार्वत्रिक समज आहे. तो घरापुरता तरी चुकीचा आहे. लहर दमत नाही. तरंगलांबी आखूड झाल्याने अँटेना लहान होते आणि लहान अँटेना कमी क्षेत्रावरची ऊर्जा गोळा करते, इतकेच. ही तूट उत्तम अँटेनांनी काही प्रमाणात भरून काढता येते. भिंतीने केलेली तूट मात्र अशी भरून निघत नाही.

बांधकाम साहित्यातून जाताना रेडिओलहरी किती क्षीण होतात, याची सूत्रे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.२०४० या शिफारशीत दिलेली आहेत. त्यांवरून हिशेब केला, तर १५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीत २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १० डेसिबल गमावते. ६ गिगाहर्ट्झची सुमारे २०. म्हणजे पहिलीचा दहावा हिस्सा पलीकडे पोचतो आणि दुसरीचा शंभरावा. भिंतीच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणारा भाग आणि आतील लोखंडी सळ्यांचा अडथळा यात धरलेलाच नाही. अशा दोन भिंती पार करायच्या असतील, तर सहा गिगाहर्ट्झच्या लहरीचा दहा हजारावा हिस्सा उरतो. याउलट, त्याच सूत्रांनुसार नऊ इंची विटांच्या भिंतीतील तूट सहा गिगाहर्ट्झवरही साधारण सहा डेसिबलच निघते.

या आकड्यांत भारतीय घरबांधणीची एक मोठी गोष्ट दडली आहे. जुन्या विटांच्या घरांत वाय-फाय बरे चालते आणि नव्या कोऱ्या मनोऱ्यात चालत नाही, हा अनुभव भ्रम नाही. मुंबईपासून नोएडापर्यंत आणि पुण्यापासून बंगळूरुपर्यंत अनेक नव्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत उभ्या राहतात. ‘मिवान’ या नावाने घर घेणाऱ्यांना ती पद्धत ठाऊक आहे. तिच्यात खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सलग, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. बांधकाम झटपट होते, भिंत मजबूत असते, गिलाव्याचा खर्च वाचतो. पण प्रत्येक खोली रेडिओलहरींच्या दृष्टीने एक पेटी बनते. अशा पेट्यांची घरे विकणारा व्यावसायिक माहितीपत्रकात ‘स्मार्ट होम’ हे शब्द सोनेरी अक्षरांत छापतो, ही या कथेतील सर्वांत मोठी विसंगती होय.

यावर ‘शक्ती वाढवा’ हे उत्तर तोकडे पडते. प्रक्षेपणाची शक्ती दुप्पट केली, तर तीन डेसिबल मिळतात. समोर भिंत वीस डेसिबलची आहे. शिवाय वाय-फाय म्हणजे ध्वनिक्षेपक नव्हे, तो संवाद आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी खिशातील फोनला तितक्याच अंतरावरून, त्याच भिंतीतून, आपल्या छोट्या बॅटरीवर उत्तर द्यावे लागते. फोनचे उत्तर पोचले नाही, तर राउटर तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवीत राहतो. पडद्यावर रेंजच्या दांड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, या सर्वपरिचित कोड्याचे हे एक प्रमुख कारण. सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर शक्ती वाढविण्याचा मार्ग नियमांनीच बंद ठेवला आहे. या पट्ट्यातून उपग्रहांकडे जाणारे संदेश आणि सूक्ष्मलहरींचे दुवे चालतात. म्हणून मसुद्यात घरात कमी आणि घराबाहेर अतिशय कमी शक्तीचीच मुभा आहे. ती मर्यादा योग्यच आहे.

एक्स्टेंडरची कथा याहून करुण. एकाच वाहिनीवर ऐकून त्याच वाहिनीवर पुन्हा बोलणारा एक्स्टेंडर प्रत्येक संदेश हवेत दोनदा सोडतो. म्हणून वेग उत्तम परिस्थितीतही निम्म्यावर येतो. त्यातही तो बहुतेक घरांत जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावला जातो. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, त्याने निरोप पोचवावा ही ती अपेक्षा. तो राउटर आणि अंधारी खोली यांच्या मध्यावर असावा, एवढी साधी सूचनाही खोक्यावर ठळक अक्षरांत क्वचितच दिसते. स्वतंत्र पट्ट्यावर आपापसांत बोलणारी महागडी मेश उपकरणे बरी खरी. पण त्यांच्यातील तो दुवाही त्याच काँक्रीटमधून जातो.

मुळात ‘रेंज’ ही निखळ चांगली वस्तू आहे, ही समजूतच तपासून पाहायला हवी. परवानामुक्त स्पेक्ट्रम ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. वाय-फायचे प्रत्येक उपकरण बोलण्याआधी कान देते आणि दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीनच: १, ६ आणि ११. चाळीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकाने आपली लहर तीन मजले दूर पोचविली, तर प्रत्येकाला इतरांसाठी थांबावे लागते. ज्याला घरमालक ‘जबरदस्त रेंज’ म्हणतो, तिला शेजारी गोंगाट म्हणेल आणि दोघेही बरोबर असतील.

या दृष्टीने पाहिले, तर सहा गिगाहर्ट्झची लहर भिंत ओलांडत नाही हा तिचा दोष नसून मोठा गुण ठरतो. भारताला मिळालेल्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या तीन वाहिन्या बसतात. वाय-फाय ७ ची ३२० मेगाहर्ट्झची वाहिनी तर एकच. लहर दूरवर जात असती, तर या तीन वाहिन्यांचीही दोन वर्षांत २.४ सारखीच दशा झाली असती. ती खोलीतच राहते, म्हणून तीच वाहिनी शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, पलीकडच्या घरात पुन्हा वापरता येते. पण हा लाभ मिळविण्याची अट एकच आहे: प्रत्येक महत्त्वाच्या खोलीत लहरीचा स्वतःचा उगम हवा आणि त्या उगमापर्यंत माहिती तारेने पोचायला हवी.

ही तार म्हणजे साधी कॅट-६ केबल. ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट विनातक्रार वाहून नेते; पावसाळा, शेजारी, मिवान, कशाशीही तिला देणेघेणे नसते. टीव्हीसाठी किंवा दूरध्वनीसाठी घातलेला भिंतीतील पाइप अनेक सदनिकांत रिकामा पडून असतो. त्यातून ती ओढता येते. पाइप नसेल किंवा घर भाड्याचे असेल, तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून नेता येते. घेताना शुद्ध तांब्याचीच घ्यावी; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार बाजारात सर्रास त्याच नावाने खपविली जाते. दुसऱ्या टोकाला नवा महागडा राउटर हवाच असे नाही. कपाटात पडलेला जुना राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा, त्याची पत्ते वाटण्याची डीएचसीपी सेवा बंद करावी, नेटवर्कचे नाव आणि परवलीचा शब्द तोच ठेवावा, वाहिनी मात्र वेगळी निवडावी. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक थेट तारेवर घ्यावेत. जी वस्तू हलत नाही तिने हवा अडवू नये. आणि दोन्ही राउटरांची शक्ती कमी ठेवावी, म्हणजे फोन दूरच्या राउटरला चिकटून राहणार नाही.

‘बिनतारीच्या युगात तारा कसल्या ओढायच्या?’ असा उपहास यावर होईल. त्याचे उत्तर असे की बिनतारी युग तारांवरच उभे आहे. खंडांमधला संवाद समुद्रतळाच्या केबलींवर चालतो, शहरांमधला जमिनीखालच्या फायबरवर. लहर वापरली जाते ती शेवटच्या टप्प्यात. तो टप्पा दहा किलोमीटरचा असावा की दहा फुटांचा, हाच काय तो अभियांत्रिकीचा प्रश्न. आणि घरापुरते उत्तर दहा फूट हेच आहे.

तरीही हा भार प्रत्येक कुटुंबाने उचलावा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दारापाशी एकच नळ देऊन ‘दाब वाढवा, पाणी आपोआप मोरीपर्यंत उडेल’ असे सांगणारे घर कोणी विकत घेणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत नेमके तेच घर विकले जाते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देणारे विनियम काढले. दिशा उत्तम, पण सहभाग ऐच्छिक. ऐच्छिक ताऱ्यांनी काँक्रीट पोकळ होत नाही. साचा भरण्यापूर्वी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकणे ही नगण्य खर्चाची गोष्ट आहे. साचा भरल्यानंतर तीच भिंत छिन्नीने फोडावी लागते. म्हणून असा पाइप असल्याशिवाय नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. मागणी याहून मोठी नाही.

ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. वाय-फायची ताकद डेसिबलमध्ये दाखविणारी ॲप फोनवर फुकट मिळतात. राउटरशेजारी, दाराच्या अलीकडे, दाराच्या पलीकडे आणि भिंतीआड असे चार आकडे वहीत लिहावेत, मग २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर तेच पुन्हा करावे. घर पाहायला जाणाऱ्यांनी तर हा प्रयोग नमुना सदनिकेतच करावा आणि पाइप कुठे आहे, हे विक्रेत्याला विचारावे.